पाव टाकी पाणी

ही वही माझ्यापुरती आहे. तरी उद्या कुणाच्या हाती पडलीच, तर आधीच हात जोडून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाचवीत शिकवत असतील, तोवर मी घरी बसले होते. अक्षर तर कधीच वळणदार नव्हतं, आणि त्यात ही वही जर्मनीतली. हिच्यात आडव्या ओळी नाहीत, सगळ्या पानभर बारीक चौकोन आहेत. तिथली मुलं म्हणे अशाच वहीत गणितं करतात. मी एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवायला जाते, तर काना शेजारच्या घरात जातो आणि वेलांटी वरच्या मजल्यावर. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

वही मला वरच्या मजल्यावरच्या ओमांनी दिली. ओमा म्हणजे जर्मन भाषेत आजी. माझी नात त्यांना ओमा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं आणि माझं बोलणं असं फारसं कधी झालंच नाही, कारण त्यांना मराठी नाही आणि मला जर्मन नाही. तरी सोलापुरात माझ्या गल्लीत जितकी माणसं मला ओळखतात, त्यांच्यापेक्षा त्यांनी मला जास्त ओळखलं असं मला वाटतं.

पहिल्यांदा जर्मनीला गेले ती लेकीच्या आग्रहानं. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली होती. सोलापुरात मी एकटी, शेंगदाण्याची चटणी कुटून विकायची, त्यात माझं भागायचं. लेक आणि जावई झिंडेलफिंगेनला. जावई तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, लेकही नोकरी करते, नात तेव्हा सहा वर्षांची. लेक फोनवर म्हणाली, "आई, यंदा धोंड्याचा महिना आहे. वाण काय पोस्टानं पाठवणार आहेस का? ये तूच."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तो तीन वर्षांनी एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, तांब्याच्या ताम्हणात, वर दिवा लावून. मी अनारशाचं पीठ आणि ताम्हण दोन्ही बॅगेत घालून निघाले. विमानतळावर पिठाला कुणी काही विचारलं नाही, ताम्हण मात्र तीन जणांनी उलटसुलट करून बघितलं.

मी मुळातच बुजरी. पहिला महिना घराबाहेर पडले ती कचऱ्याच्या डब्यांपर्यंत. जिन्यात ओमा दिसल्या की भिंतीला चिकटून उभी राहायचे. त्या "हालो" म्हणायच्या, मी पायांकडे बघून हसायचे. त्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला पाटी अडकवतात, आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला जाते. मला हे ठाऊक नव्हतं. घरात सगळे कामावर, शाळेत. रिकामे हात बघवेनात म्हणून एके दिवशी मी सगळा जिना वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्यानं पुसून काढला. पाटी ओमांच्या दारावर होती. त्या बाहेर आल्या, पाटी दाखवून बरंच काही बोलल्या. मला वाटलं रागावल्या. तासाभरानं त्या चेरीचा केक घेऊन दाराशी उभ्या. तिथून आमचं सुरू झालं. त्या केक आणायच्या, मी चटणी द्यायचे. चटणी खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी त्या "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत आणखी मागायच्या. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. तिखटाला बरोबर म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

ओमांचे यजमान गेले तेव्हा मागे एक घरगाडी ठेवून गेले. तिकडे तिला वोनमोबील म्हणतात. मी घरगाडीच म्हणते, कारण आत घरच आहे, गॅसची शेगडी, फळ्यांचा पलंग, न्हाणीघर, सगळं. ती इमारतीच्या मागे उभी असायची. जावयांनी तिची बॅटरी नीट करून दिली, तर ओमा म्हणाल्या, नुसती उभी राहून गाडी मरते, एक दिवस सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडला जाऊन या, तिकडे ऱ्हाईन नदीचा मोठा धबधबा आहे, तुमच्या आईंना दाखवा.

मला वाटलं, किल्ली दिली की झालं. तसं नाही. ओमांनी आधी विमेवाल्याला फोन करून जावयांचं नाव चालक म्हणून घालून घेतलं. मग दुसऱ्याची गाडी घेऊन परदेशात शिरताय म्हणून आपल्या सहीची चिठ्ठी दिली. आणि दोन पानं सूचना, टाईप केलेल्या, आकडे घालून.

शुक्रवारी संध्याकाळी लेक त्या सूचना वाचून सांगत होती आणि मी वाटेसाठी दशम्या लाटत होते. सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत, आईचा व्हिसाचा कागदही, सरहद्दीवर विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर शोधायला लागू नये. स्वित्झर्लंडच्या मोठ्या रस्त्याचा वर्षाचा कर भरला की स्टिकर मिळतो, तो काचेवर चिकटवायचा, खिशात ठेवला तर भरूनही न भरल्यासारखीच. गाडीची उंची कागदावर लिहून चालकाच्या समोर लावलेली आहे, पुलाखाली शिरण्याआधी ती वाचायची. चालत्या गाडीत गॅसची तोटी बंद. कपाटांचे खटके दाबलेले. कुणीही मागे पलंगावर झोपून जायचं नाही, पट्टा लावून खुर्चीत बसायचं. तिकडे गेल्यावर मोबाईलचं इंटरनेट बंद ठेवायचं, नाहीतर बिल येतं. थोडी फ्रँकची नाणी जवळ हवीत, पार्किंगच्या यंत्रासाठी. मांस-लोणी बेतानं न्यायचं.

"साजूक तूप लोण्यात धरतात का गं?" मी विचारलं.

"धरतात, पण वाटीभराला कोण विचारतंय," लेक म्हणाली. तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला. दुसरं पान वाचायचं राहिलं. पाणी दुसऱ्या पानावर होतं.

आता त्याच दिवशी दुपारी काय झालं ते लिहायला हवं. ओमांनी मला खुणेनं खाली बोलावलं आणि गाडी दाखवली. शेगडी दाखवली, खटके दाखवले, यजमान कुठल्या बाजूला झोपायचे तेही दाखवलं. मग बाहेर येऊन गाडीच्या कुशीतलं एक छोटं झाकण किल्लीनं उघडलं. बागेच्या नळाची नळी त्यात घातली आणि थोडा वेळ पाणी सोडलं. म्हणाल्या, "वासर. फिर्टल फोल. गेनाऊ फिर्टल." वासर म्हणजे पाणी, एवढं नातीमुळे मला माहीत होतं. फोल म्हणजे काय ते कुणी सांगायची गरजच वाटली नाही. टाकी फुल. आपल्याकडे पेट्रोलपंपावर सुद्धा तसंच म्हणतात. मग त्यांनी नळ बंद केला, झाकण लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, दमल्या असतील, राहिलेलं माझ्यावर सोपवलं.

आमच्याकडे सोलापुरात तेव्हा चार दिवसांआड पाणी यायचं. ते यायचं तासभर. त्या तासात घरातलं जे जे भांडं उताणं राहतं ते भरून घ्यायचं, पिंप, हंडे, बादल्या, शेवटी आमटीचं पातेलं सुद्धा. नळ चालू आहे आणि भांडं रिकामं आहे हे मला बघवत नाही. त्यात प्रवास, तोही परमुलखात.

शनिवारी पहाटेच उठले. तिकडे जूनमध्ये पाचलाच लख्ख उजाडतं. खाली जाऊन नळी लावली आणि टाकी काठोकाठ भरली, पाणी झाकणातून बाहेर येईपर्यंत. मग घरातल्या पाच-पाच लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्या भरून बाकाखाली लावल्या. फार समाधान वाटलं. इतक्या दिवसांत या घरासाठी आपण काहीतरी उपयोगाचं केलं, असं वाटलं.

बाटल्या लेकीला दिसल्या. "आई, हे काय? आपण वाळवंटात चाललोय का?"

"असू द्या गं," जावई म्हणाले, "आई सोबत असताना आपल्याला दुष्काळ कसा पडेल?"

टाकीचं मी बोलले नाही. लपवायचं म्हणून नाही, ते सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

रस्ता सुरेख होता. दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं, मध्येच टेकडीवर पडका किल्ला. नात माझ्या शेजारी पट्टा लावून बसली होती आणि मी जरा सैल झाले की "नाइन, आजी" म्हणून माझा पट्टा ओढायची. नाइन म्हणजे नाही. ती मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. मी जर्मन काही समजत नाही, उत्तर मराठीत देते. आमचं छान चालतं.

सरहद्दीवर कुणी पासपोर्ट मागितला नाही. पण पुढे थोड्या अंतरावर पोलिसांनी मोठ्या गाड्या बाजूला घेतल्या होत्या. रस्त्याकडेला मोकळी जागा, एक छोटी कचेरी, आणि जमिनीवर चाकांखाली ठेवायचे सपाट वजनकाटे. एक उंच पोलीस होता आणि त्याच्याबरोबर एक पोलीस बाई. जावयांशी ते अतिशय सभ्यपणे बोलले. गाडी काट्यावर चढवली. जावयांनी काच खाली करून आकडा ऐकला आणि त्यांचे कान लाल झाले.

लेकीनं मला सांगितलं, "ही गाडी साडेतीन टनांपर्यंतच चालवता येते. आपली एकशेचाळीस किलो जास्त भरली."

"दशम्या जास्त झाल्या का?" मी विचारलं. खरंच विचारलं.

जावई खाली उतरले, मागचे कप्पे उघडले. ओमांच्या यजमानांच्या खुर्च्या, टेबल, कनात, हत्यारांची जड पेटी, सगळं वर्षानुवर्षं तसंच होतं. त्यात आमच्या सायकली. मग जावई आत आले आणि शेगडीच्या वरच्या पॅनलचं एक बटण दाबलं. सगळे दिवे वरपर्यंत पेटले. "पाण्याची टाकी पूर्ण भरलेली आहे," ते म्हणाले. "एकशेवीस लिटर. मी निघताना बघायला हवं होतं. ओमांनी भरून ठेवली असणार, आणि विसरल्या असणार."

मी तिथेच होते, हातात दशम्यांचा डबा घेऊन. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. परक्या देशातला पोलीस दारात उभा, जावई घामाघूम, आणि आपण सांगायचं की ही करणी माझी? मी गप्प राहिले. बुजरेपणा आणि भित्रेपणा यांत फरक असतो हे मला त्या क्षणी कळलं.

दोनशे फ्रँक दंड झाला, म्हणजे त्या वेळचे एकशे नव्वद युरो. जावयांनी तिथेच कार्डानं भरले. आणि वजन कमी केल्याशिवाय पुढे जायचं नाही. जावयांनी गाडीखाली हात घालून टाकीचं बूच काढलं.

पाणी वाहायला लागलं. स्वच्छ, काचेसारखं. ते गाडीखालून डांबरावर आलं आणि उताराला लागलं. मला ते सोसेना. लाज, भीती, भाषा कशाचं भान राहिलं नाही. न्हाणीघरातली बादली घेतली, पाण्याखाली धरली, भरली, आणि कचेरीच्या भिंतीशी फुलझाडांची लांबलचक कुंडी होती तिच्यात ओतली. परत आले, परत भरली. पोलीस बाई काहीतरी विचारत होती, जावई तिला सांगत होते. नंतर कळलं की ते म्हणाले होते, माझ्या सासूबाईंच्या गावात पाणी चार दिवसांनी एकदा येतं. ती बाई आत गेली. मला वाटलं, आता आणखी दंड. ती आली तर हातात झाडांना पाणी घालायची झारी होती. आम्ही दोघींनी मिळून ती सगळी कुंडी आणि दारातली दोन झाडं भिजवली. बाटल्याही तिथेच रिकाम्या केल्या. तरी बरंच पाणी गवतात गेलं. ती बाई निरोप देताना माझ्याशी हात मिळवून काहीतरी बोलली. लेकीनं सांगितलं, "म्हणाली, तीन दिवस मला पाणी घालावं लागणार नाही, आभारी आहे." दंड घेणाऱ्यांनी माझे आभार मानलेले आहेत, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

धबधबा पाहिला. एवढं पाणी एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आवाजानं छाती हलते. जावई माझा चेहरा बघून म्हणाले, "अहो आई, आता ही टाकी कशी भरायची, सांगा." सगळे हसले. मीही हसले, पण तो शब्द मला टाचणीसारखा लागला. डोळ्यांसमोर धबधबा आणि मनात नळी, असा तो दिवस गेला.

संध्याकाळी गाडी परत करताना जावयांनी जिन्यातच ओमांना सगळं सांगितलं, हसत हसत, तक्रार म्हणून नाही. मी दोन पायऱ्या खाली उभी होते, लेक मला हळूच मराठीत सांगत होती. ओमा हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी पाव टाकीच भरली होती. मग थांबल्या आणि म्हणाल्या, निदान मला तसं आठवतं. त्या आत गेल्या, पैसे घेऊन आल्या आणि जावयांच्या खिशात घातले. जावई नको नको म्हणत होते. त्या ऐकेनात. गाडी माझी, चूक माझी.

घरात आल्यावर लेक हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्या यजमानांचं शेवटी तसंच झालं होतं ना. सगळं विसरायचे. आधी अशाच बारीक गोष्टींनी सुरुवात झाली होती. त्या घाबरल्यात, आपलंही तेच व्हायला लागलं म्हणून."

मला फिर्टल शब्दाचा अर्थ तेव्हा कळला. नातीला विचारला. तिनं पोळीचे चार तुकडे करून एक माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिकडे रविवारी इमारतीत टाचणी पडली तरी ऐकू येते. सगळ्यांचा चहा व्हायच्या आत मी खाली जाऊन बागेची नळी सोडवून आणली आणि ती खांद्यावर घेऊन वर गेले. एवढ्या दिवसांत ओमांची घंटा मी स्वतः कधी वाजवली नव्हती. त्यांनी दार उघडलं. डोळे सुजलेले होते. मी नळी पुढे धरली. मग बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

जर्मन भाषेत 'मी' या शब्दाला इश म्हणतात. आयुष्यभर मी पदर तोंडाशी धरून इश्श म्हणत आले, म्हणजे मला नका विचारू, मी काही बोलणार नाही. त्या दारात तोच शब्द मी उलट्या कामाला लावला. म्हटलं, "इश. वासर. फोल." आणि हात गुडघ्यापासून गळ्यापर्यंत वर नेऊन दाखवला. कळलं नसेल असं वाटलं म्हणून पुन्हा म्हटलं. "इश. ओमा नाइन. इश."

ओमा माझ्याकडे बघत राहिल्या. मग नळीकडे. मग दाराबाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या, घरातल्या कपड्यांत, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. रडत होत्याच, पण हसतही होत्या. "फिर्टल," त्या म्हणाल्या, स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून, "गेनाऊ फिर्टल." म्हणजे मी बरोबर होते, माझं डोकं ठीक आहे. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरून ठेवला. नळीतलं उरलेलं पाणी पायरीवर गळत होतं. पाटी त्या आठवड्यात आमच्या दारावर होती, त्यामुळे पुसायचं कामही माझंच होतं.

खाली येऊन घरात सांगितलं. लेक म्हणाली, "आई, तू काल का नाही बोललीस?" मी म्हटलं, "शब्द आला नाही." जावई एवढे हसले की त्यांना ठसका लागला. नंतर ते वर जाऊन ओमांचे सगळे पैसे परत देऊन आले. ओमांनी या वेळी मुकाट्यानं घेतले.

आता एकशे नव्वद युरो माझ्या अंगावर राहिले, जावयांचं देणं. ते म्हणाले, "सोडून द्या हो आई, मी पॅनल बघितलं नाही, चूक माझीच." पण आमच्यात जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून घ्यायचं नसतं. मी खर्चाला आणलेले सत्तर युरो त्यांच्यापुढे ठेवले, ते त्यांनी माझ्या पिशवीत परत ठेवले. लेकीकडे दिले, तिनंही परत ठेवले. असं तीन-चारदा झालं.

मग वाणाचा दिवस आला. अनारसे तळले, त्यातले पाच तुपात हसले, म्हणजे विरघळून फुटले. ते ओमांनी वाटी पुढे करून मागून घेतले. तेहतीस नीट निघाले. ताम्हणात आधी सत्तर युरो ठेवले, त्यांच्यावर अनारसे रचले, दिवा लावला आणि जावयांच्या हातात दिलं. नमस्कार झाला. अनारसे काढताना खाली नोटा निघाल्या.

"आई, हे काय?"

"वाण आहे. वाण परत करत नाहीत."

ते लेकीकडे बघायला लागले. लेक म्हणाली, "माझ्याकडे नको बघूस. वाण खरंच परत करत नाहीत."

"हे शुद्ध चीटिंग आहे," जावई म्हणाले. "मग राहिलेल्या एकशेवीससाठी मी काय पुढच्या धोंड्यापर्यंत थांबू?"

ते थट्टेनं म्हणाले. मी म्हटलं, "हो, थांबा."

निघायच्या आदल्या दिवशी ओमांनी ही वही दिली. लेकीकडून निरोप सांगवला, की तुम्ही बोलत नाही, तर लिहा. त्यांच्या सूचनांची दोन पानंही मी लेकीकडून मराठीत सांगून घेऊन वहीच्या शेवटच्या पानावर उतरवली आहेत. पुढे कुणाला लागली तर असावीत.

सोलापुरात आल्यावर चटणीचा एक डबा वेगळा केला. बाकीच्या चटणीचं घरखर्चाला, त्या डब्याच्या चटणीचं जर्मनीला. एका पावसाळ्यात शेंगदाणे महागले तेव्हा काहीच उरलं नाही. पण तीन वर्षं पुष्कळ असतात. गल्लीतल्या एका शिक्षिकेचा भाऊ बँकेत होता, त्यानं मला रुपयांचे युरो करून आणून दिले. शंभराची एक नोट आणि विसाची एक. ती विसाची मी रोज काढून बघायचे, इतकी निळी होती.

तीन वर्षांनी धोंड्याचा महिना पुन्हा आला आणि मी पुन्हा गेले. ओमा आता काठी घेऊन चालत होत्या, पण डोकं लख्ख. त्यांच्या सूचनांच्या दुसऱ्या पानावर पाण्याच्या ओळीखाली हातानं लिहिलेली एक ओळ वाढली होती. लेकीनं वाचून दाखवली. निघण्यापूर्वी, सोलापूरच्या आजी घरात आहेत का ते पाहावे. असल्यास टाकी पुन्हा तपासावी.

आम्ही पुन्हा गेलो, त्याच रस्त्यानं, त्याच गाडीतून. यंदा ओमाही बरोबर होत्या, म्हणून खुर्च्या, टेबल, हत्यारांची पेटी घरी ठेवली. पाणी मी भरलं. नळी धरली, ओमा पॅनलपाशी उभ्या राहिल्या आणि पाव झाल्याबरोबर आतून ओरडल्या, "फिर्टल." मी नळ बंद केला. बंद करताना हात जड झाला, ते खोटं कशाला लिहू. सरहद्दीवरच्या त्या मोकळ्या जागेत कुणी नव्हतं. कुंडीत लाल फुलं होती. धबधबा मात्र या वेळी मी नीट पाहिला, अंगावर तुषार घेत, ओमांच्या शेजारी बाकावर बसून, दशमी खात. कुणाला काही सांगायचं राहिलेलं नसलं की पाणी किती मोठ्यानं आवाज करतं.

पुढच्या आठवड्यात वाण दिलं. ओमा खुर्चीवर बसून बघत होत्या. जावयांनी ताम्हण हातात घेतलं आणि या वेळी अनारसे काढायच्या आधीच माझ्याकडे बघून हसले.

"आहेत का खाली?" त्यांनी विचारलं.

"बघा ना."

त्यांनी अनारसे एकेक करून काढले. नोटा तुपानं जराशा तेलकट झाल्या होत्या. त्या त्यांनी नातीच्या हातात दिल्या. नात आता नऊ वर्षांची, हिशेबाला पक्की. तिनं शंभराची नोट उजेडाला धरून बघितली, मग विसाची, मग मागचे सत्तर तोंडी धरून बेरीज केली.

"श्टिम्ट, आजी," ती म्हणाली. म्हणजे बरोबर आहे.

जावयांनी नोटा खिशात ठेवल्या आणि परत काढल्या नाहीत. एकशे नव्वद पूर्ण फिटले.